रंगाऱ्याला होकार देण्याआधी

एका वाचक भगिनींचे पत्र, थोडक्यात : त्या, त्यांचे पती आणि आठ वर्षांची मुलगी पुण्यात वारज्याला दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये पाच वर्षे भाड्याने राहत आहेत. 31 मे रोजी करार संपतो आणि त्याच सुमारास ते स्वतःच्या घरात जाणार आहेत. घरमालकीण काकू सत्तरीच्या आहेत आणि त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहतात. मुलगी त्यांना आजी म्हणते. फराळाचे डबे दोन्हीकडून जातात-येतात. भाडे 18,000 रुपये आहे. डिपॉझिट 75,000 रुपये; त्यातील 60,000 करारात नोंदलेले आहेत आणि 15,000 दोन वर्षांपूर्वी भाडे वाढले तेव्हा रोख दिलेले आहेत, ज्यांची पावती नाही. हॉलच्या पश्चिमेकडच्या भिंतीला दर पावसाळ्यात ओल येते आणि पोपडे सुटतात. मुलीच्या खोलीतील एका भिंतीवर स्केचपेनची चित्रे आहेत, ओट्याच्या कडेचा टवका उडाला आहे, बाथरूमच्या फरश्यांवर क्षार साचले आहेत आणि भिंतींना चौदा खिळे आहेत. एजंट म्हणतो, रंगापोटी एक महिन्याचे भाडे कापण्याची पद्धतच आहे. पती म्हणतात, शेवटच्या दोन महिन्यांचे भाडे देऊच नये, डिपॉझिटमधून वळते करावे. नणंद म्हणते, पैसे हातात पडेपर्यंत किल्ली सोडू नका. पत्रलेखिकेला यातले काहीच नको आहे. ‘काकूंशी पैशांवरून बोलण्याची वेळच येऊ नये म्हणून आम्ही 32,000 रुपये खर्चून सगळे घर रंगवून दिले, तर प्रश्न मिटेल ना?’ असे त्या विचारतात.

सप्रेम नमस्कार.

आधी उत्तर देते, मग कारणे सांगते. रंगाऱ्याला इतक्यात होकार देऊ नका.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. भिंती, ओटा, फरश्या यांचा हिशेब तुम्ही इतक्या बारकाईने दिला आहे की खिळेसुद्धा मोजले आहेत. पण काकूंना हे घर कसे परत हवे आहे, हे त्यांना विचारल्याचा उल्लेख मला कुठे सापडला नाही. एजंटाचे मत आहे, पतीचे आहे, नणंदेचे आहे, आणि काकूंच्या मनात काय असेल याविषयी तुमचा अंदाज आहे. त्या 32,000 रुपयांतला बराचसा भाग मला एक अवघड बोलणे टाळण्याची किंमत वाटतो, आणि ती मोजूनही बोलणे टळेलच असे नाही. भीड ही भिकेची बहीण असे आपल्याकडे म्हणतात. तुमच्या बाबतीत ती भलतीच महागडी बहीण ठरते आहे.

समजा, तुम्ही सगळे घर रंगवून घेतले आणि नंतर कळले की काकूंना ओटा फोडून नवा करायचा आहे, किंवा फ्लॅट विकायचा आहे, किंवा त्यांचा ठरलेला रंगारी आहे आणि दुसऱ्याचे काम त्यांना पसंत पडत नाही. मग तो खर्च कोणाच्याच उपयोगाचा नाही. त्याहून वाईट शक्यता करारात दडलेली असू शकते. घर सोडताना रंगकामापोटी एक महिन्याचे भाडे कापले जाईल, असे कलम अनेक करारांत असते. तुमच्या करारात ते आहे की नाही, हे तुम्ही लिहिलेले नाही, म्हणून आज संध्याकाळी करार काढून शेवटच्या पानापर्यंत वाचा. कलम असेल, तर ते 18,000 रुपये तुम्ही सही करून मान्य केलेले आहेत आणि त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. पण मग स्वतःच्या खर्चाने घर रंगवणे म्हणजे एकाच कामाचे पैसे दोनदा देणे होईल. कलम नसेल, तर एजंटाची ‘पद्धत’ तुम्हाला बांधील नाही. तुम्ही आणि काकूंनी ज्यावर सह्या केल्या, ती तुमची पद्धत.

आता त्या पश्चिमेच्या भिंतीविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात मोठी चूक तिथेच होण्याचा संभव आहे. मे महिन्यात ती भिंत कोरडी असेल. रंगारी पोपडे खरवडील, लांबी भरील, दोन हात मारील आणि भिंत नव्यासारखी दिसेल. जूनमध्ये पाऊस लागला की बाहेरच्या भेगेतून पाणी पुन्हा आत येईल, नव्या रंगाला फुगे धरतील, आणि तोवर तिथे नवा भाडेकरू राहायला आलेला असेल. तो काकूंकडे तक्रार करील आणि काकूंना वाटेल की तुम्ही ओल झाकून गेलात. ज्या नात्यासाठी एवढा खर्च केला त्याच नात्यात त्यामुळे किंतू येईल. पावसाच्या पाण्याने बाहेरील भिंतीतून होणारी गळती ही मुळात भाडेकरूने निस्तरायची गोष्टच नव्हे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमावलीत, ही दुरुस्ती संस्थेने स्वखर्चाने करावयाच्या कामांत मोडते. त्यासाठी काकूंनी सदस्य म्हणून संस्थेकडे लेखी तक्रार द्यायला हवी. तुम्ही त्यांना त्या भिंतीचे मागच्या पावसाळ्यातले फोटो द्या आणि ओल नेमकी कोणत्या उंचीवर, खिडकीच्या कोणत्या कोपऱ्यापासून सुरू होते हे सांगा. रंगाच्या दोन डब्यांपेक्षा ते त्यांच्या कितीतरी अधिक कामाला येईल.

बाकीच्या गोष्टींची विभागणी करताना झीज कशाला म्हणायचे आणि नुकसान कशाला, हा प्रश्न येतो. कायद्याची दिशा इथे बऱ्यापैकी स्पष्ट आहे. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम 108 भाडेपट्टेदाराने मालमत्ता मूळ स्थितीत परत द्यावी असे सांगते, पण वाजवी झीज त्यातून वगळते. आपल्याकडील अकरा महिन्यांचा ‘लिव्ह अँड लायसन्स’ करार तांत्रिकदृष्ट्या भाडेपट्टा नसून परवाना असतो, त्यामुळे तिथे प्रत्यक्ष कराराची भाषा महत्त्वाची. तरी वाजवी झीज वगळण्याचे वाक्य बहुतेक छापील मसुद्यांतही असते. केंद्र सरकारने 2021 साली राज्यांपुढे ठेवलेल्या आदर्श भाडेकरू कायद्याच्या परिशिष्टात तर कामांची वाटणीच दिलेली आहे. भिंतींची सफेदी, दारे-खिडक्यांचा रंग, नळांच्या पाइपांची आणि विजेच्या वायरिंगची कामे मालकाकडे. नळ आणि त्यांचे वॉशर बदलणे, गीझर, स्विच, सॉकेट, कड्या-कुलुपे, तुंबलेले ड्रेनेज आणि फुटलेल्या काचा भाडेकरूकडे. राज्याने स्वतःचा कायदा केल्याशिवाय हा मसुदा कोणावर बंधनकारक होत नाही, म्हणून काकूंपुढे तो कायदा म्हणून ठेवू नका. दोन समजूतदार माणसांना हिशेब मांडताना गज म्हणून तो वापरता येतो, इतकेच.

या गजाने मोजले तर पाच वर्षांत फिका पडलेला रंग, दाराच्या मुठीभोवतीचा काळपटपणा, सोफ्यामागे भिंतीवर उमटलेली रेघ ही झीज आहे. स्केचपेनची भिंत आणि ओट्याचा टवका हे तुमच्या हातून झालेले नुकसान आहे. ते तुम्ही मोकळेपणाने मान्य करावे आणि दुरुस्त करून द्यावे. टवक्यासाठी आख्खी कडा बदलण्याची गरज नसते. ग्रॅनाइट पॉलिश करणारा कारागीर दगडाच्या रंगाशी मिळवलेले इपॉक्सी भरून घासून देतो आणि जवळून पाहिल्याशिवाय जोड कळत नाही. मुलीच्या भिंतीवर मात्र घाईने रंगाचा हात फिरवू नका. स्केचपेनची शाई पाण्यातल्या रंगातून वर फुटते, म्हणून आधी प्रायमर लागतो. रंग द्यायचा तो एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंतीला द्यावा. जुना रंग उन्हाने आणि धुळीने उतरलेला असतो, त्यामुळे त्याच कंपनीची तीच छटा आणून मधेच लावली तरी ते ठिगळच दिसते. याच कारणासाठी खिळ्यांची भोके लांबीने भरून, पॉलिश पेपरने घासून तशीच पांढरी सोडलेली बरी. आणि खिळे उपटण्यापूर्वी काकूंना विचारा. घड्याळाचा आणि देवघराच्या फळीचा खिळा पुढच्या माणसाला लागतोच. तो काढून भोक बुजवायचे आणि त्याने शेजारीच नवे पाडायचे, यात भिंतीचे हाल होतात.

साफसफाईची कामे तुमची आहेत, त्याबद्दल दुमत नाही. त्यात एकाच गोष्टीबद्दल सावध करते. बाथरूमचे क्षार घालवायला घर सोडताना लोक सर्रास ॲसिड ओततात. त्याने क्षार जातात हे खरे, पण फरश्यांच्या सांध्यांतले सिमेंट आणि नळांची चकाकीही जाते. मग जिथे नुसता डाग होता तिथे कायमचे नुकसान होते, तेही जायच्या आदल्या दिवशी. कोमट पाण्यात लिंबूसत्त्व विरघळवून त्यात भिजवलेले फडके क्षारांवर अर्धा तास ठेवा आणि प्लास्टिकच्या ब्रशाने घासा. थर जाड असेल तर दोन-तीन वेळा करा. उंबरा संगमरवरी किंवा मोरीत कडप्पा असेल, तर हेही तिथे लावू नका, कारण आंबट पदार्थ हे दगड खातात. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र करण्याचा विचार कोणीही करू नये. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. गॅसच्या वरची चिकट भिंत, एक्झॉस्टची पाती, फ्रिजमागची जाळी आणि माळा यांना एक सबंध रविवार लागेल. तो सामान बांधण्याआधीचा ठेवा, नंतरचा नको. शेवटच्या दिवशी टेम्पो दारात उभा असताना कोणाच्याही हातून माळा पुसला जात नाही.

पण या सगळ्याच्या आधी, म्हणजे एप्रिलच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच, काकूंना वर चहाला बोलवा आणि त्यांच्यासोबत घरातून एक फेरी मारा. सामान जागेवर असतानाच हे करा. तुम्ही वही घेऊन प्रत्येक खोलीतून जा आणि स्वतःच्या चुका आधी दाखवा. ‘काकू, ही भिंत आमच्या चिमुरडीचा पराक्रम आहे, ती आम्ही रंगवून देतो, या ओलीचे मात्र सोसायटीकडून करून घ्यावे लागेल, आणखी तुमच्या नजरेला काय खटकते ते आत्ताच सांगा, म्हणजे आमच्या हातात दोन महिने राहतील,’ असे बोलण्यात कसलाही अपमान नाही. पैशांचा विषय काढल्याने जिव्हाळा कमी होतो, हे तुम्ही धरून चालला आहात; माझ्या पाहण्यात मात्र न बोललेल्या पैशांनीच अधिक घरोबे बिघडले आहेत. फेरीनंतर त्याच संध्याकाळी ठरलेले चार मुद्दे व्हॉट्सअ‍ॅपवर काकूंना, आणि त्यांचा व्यवहार मुलगा पाहत असेल तर त्यालाही, लिहून पाठवा. ज्या वाचकांचे मालक परगावी किंवा परदेशी आहेत, त्यांनी हीच फेरी व्हिडिओ कॉलवर करावी आणि एजंटाच्या तोंडी निरोपावर विसंबू नये.

राहायला आलो तेव्हा घराचे फोटो काढले नव्हते, अशी खंत तुम्ही व्यक्त केली आहे. फोनमध्ये मागे जा. पहिल्या महिन्यात घातलेला सत्यनारायण, मुलीचा तिसरा वाढदिवस, पाहुण्यांसोबतचे सेल्फी यांत चेहऱ्यांच्या मागे भिंती असतात, तारीख असते, आणि ओट्याची ती कडाही कुठेतरी सापडेल. ओल तुम्ही येण्याआधीपासूनची असेल, तर तेही कदाचित तिथेच दिसेल.

आता पतींच्या सूचनेकडे वळते. भाडे न देता डिपॉझिटमधून वळते करणे हे पुष्कळ लोक करतात आणि त्यामागची भीती मला समजते. एकदा घर सोडले की मागे लागण्याचे बळ उरत नाही. काकू स्वतःहून याला तयार असतील, तर वाईट काहीच नाही. 36,000 वळते होऊन 39,000 उरतात, नुकसानीच्या हिशेबाला ते पुरेसे आहेत. पण त्यांना न सांगता एप्रिलचे भाडे थांबवले, तर करार तुम्ही मोडलेला असेल आणि पुढच्या प्रत्येक बोलण्याची सुरुवात तिथूनच होईल. नणंदेचा सल्ला याहूनही धोक्याचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 24 नुसार मुदत संपल्यावर घराचा ताबा न देणारा परवानाधारक (इथे तुम्ही) परवाना शुल्काच्या, म्हणजे भाड्याच्या, दुप्पट दराने नुकसानभरपाई देण्यास पात्र ठरतो. तुमच्या बाबतीत तो दर महिन्याला 36,000 रुपये होईल. किल्ली आणि पैसे यांची देवाणघेवाण एकाच बैठकीत व्हावी, असा आग्रह मात्र जरूर धरा. ‘नवा भाडेकरू आला की त्याच्या डिपॉझिटमधून देते’ असे उत्तर मिळण्याची शक्यता गृहीत धरा. ती रक्कम काकूंनी बँकेत मुदत ठेवीत ठेवलेली असेल किंवा मधल्या आजारपणात खर्चही झालेली असेल; सत्तरीतल्या बाईला आठ दिवसांत 75,000 रुपये उभे करा म्हणणे तुम्हालाही जड जाईल आणि त्यांनाही. म्हणूनच एप्रिलमध्ये विचारायचे. उशीर अटळच असेल, तर निम्मी रक्कम ताबा देतेवेळी आणि उरलेली अमुक तारखेला, असे लिहून घ्या.

त्या 15,000 रुपयांची काळजी तुम्ही पत्राच्या अगदी शेवटी, कंसात लिहिली आहे. माझ्या मते ती पहिल्या ओळीत असायला हवी होती. पावती नाही याचा अर्थ पुरावा नाही असा होत नाही. त्या दिवशी बँकेतून पैसे काढल्याची नोंद, त्या आठवड्यातले तुमचे संदेश शोधा. आणि फेरीनंतरच्या निरोपातच सहजपणे लिहा, ‘डिपॉझिटचे एकूण 75,000, म्हणजे करारातले 60,000 आणि नंतर दिलेले 15,000, ताबा देताना मिळावेत.’ काकूंचे ‘हो गं’ एवढे उत्तर आले तरी तुमचे काम झाले. जाता जाता इतर वाचकांसाठी : स्टॅम्प पेपरवर नोटरी केली म्हणजे कराराची नोंदणी होत नाही. वर उल्लेखलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाचे कलम 55 करार लेखी व नोंदणीकृत असावा असे सांगते, नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकते, आणि तसा करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरते.

शेवटच्या दिवसाचे काम थोडे आहे. वीजमीटरच्या आकड्याचा तारखेसह फोटो काढा, कारण महावितरणचे त्या महिन्याचे बिल तुम्ही गेल्यावर येणार आहे. आकड्यावरून अंदाज करून ती रक्कम त्याच हिशेबात धरा. किल्ल्या मोजून द्या, कामवाल्या मावशींकडची आणि टपालपेटीची धरून. पार्किंगचा स्टिकर सोसायटीला परत करा. ताबा दिला, किल्ल्या मिळाल्या, हिशेब पूर्ण झाला, अशा तीन ओळींच्या कागदावर दोघींच्या सह्या घ्या आणि एकेक प्रत ठेवा.

दाराच्या चौकटीवर पेन्सिलने केलेल्या मुलीच्या उंचीच्या खुणा पुसाव्यात का, असे तुम्ही विचारले आहे. चौकटीला ऑइलपेंट असेल, तर त्या खोडरबराने आणि साबणाच्या ओल्या फडक्याने निघतात. नुकसानीत त्यांची गणना करू नका. पण फडके फिरवण्याआधी जुन्या कॅलेंडरच्या पानांची लांब पट्टी चिकटवून जमिनीपासून चौकटीला लावा, प्रत्येक खूण तारखेसकट तिच्यावर उतरवून घ्या आणि पट्टी गुंडाळून नव्या घरी न्या. मुलीलाच हे काम द्या. आणि काकूंना त्या खुणा दाखवायला विसरू नका. कदाचित पुसू नका असे त्या स्वतःच म्हणतील.

निघताना काकूंना काही भेट द्यावी असे मनात असेल, तर साडी-बिडी तुम्ही ठरवा. सोबत एका कागदावर घराची माहिती लिहून द्या. कोणता कॉक कोणत्या नळाचा, गीझरचा स्विच कुठे, पावसात कोणत्या खिडकीला आतून फडके लावावे लागते, आणि तुमच्या प्लंबरचा नंबर. स्वयंपाकघराचे पाणी बंद करायचा कॉक मागच्या बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या आड आहे, हे तुम्हाला चौथ्या वर्षी ओटा पाण्याखाली गेल्यावर कळले असे तुम्हीच लिहिले आहे. ती ओळ सर्वांत वर लिहा.